फ्लोट आलाय, थांबवू का?

"मॅडम, फ्लोट आलाय. थांबवू का?"

फोनवर कारखान्यातले नरसय्या मास्तर होते. मी सोलापुरात नव्हते. कुर्डुवाडीत माहेरी गेले होते, अम्मीचे डोळे तपासायला. दवाखान्यातल्या बाकावर आम्ही दोघी बसलेलो. तिच्या डोळ्यांत थेंब घातले होते, त्यामुळे तिला काही दिसत नव्हतं आणि ती दर मिनिटाला "नंबर आया क्या गे?" म्हणून विचारत होती. एका कानात अम्मी, दुसऱ्या कानात मास्तर.

"कुठला साइज टाकलात, मास्तर?"

"साडेसत्तावन्न. तुमच्या पुस्तकात लिवल्यासारखं शेवटची ओळ वाचली. फ्लोट म्हणतंय."

"मग येणारच फ्लोट. अर्धा आहे ना त्यात."

"अर्ध्या इंचानं फ्लोट येतोय?"

"येतो ना. चूक माझी आहे, तुमची नाही. थांबवा, आणि कशाला हात लावू नका. मी दुपारी आले की बघते."

"सगळंच थांबवू?"

मास्तरांच्या कॉम्प्युटरवर कायम चार-पाच खिडक्या उघड्या असायच्या, त्या बंद करायची त्यांना भीती वाटायची. मी म्हटलं, "हो, सगळं थांबवा." आणि फोन ठेवला. उलट मनातून खूश झाले, की चला, कुणीतरी शेवटची ओळ वाचली.

त्या दीड मिनिटात मी सोलापूर एमआयडीसीतल्या चार लूम, म्हणजे टॉवेल विणायचे यंत्रमाग, बंद केल्या होत्या. मला त्याचा पत्ताही नव्हता.

आता हे नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. मी विणकामातली नाही. चौदा वर्षं कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवलं, मग एका टॉवेलच्या कारखान्यात सिस्टीम सांभाळायला लागले. तिथे एक जुनापुराणा प्रोग्रॅम होता. कुणी लिहिला, कधी लिहिला, कुणालाच माहीत नाही. टॉवेलची लांबी टाकली की किती पिक लागतील, बॉर्डर कितव्या पिकला सुरू होईल, असा तक्ता तो छापून द्यायचा. आडवा धागा एकदा इकडून तिकडे गेला की एक पिक. तो तक्ता लूमवाल्याच्या हातात गेला की टॉवेल सुरू. एके दिवशी तो कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच, आणि प्रोग्रॅमही त्याच्यासोबत गेला.

मी आमच्या मालकांना, व्यंकटेश साहेबांना म्हटलं, नवीन लिहू, पायथनमध्ये.

"काय असतं ते?"

"प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, साहेब. हाय लेव्हल लँग्वेज."

साहेबांनी लगेच हात वर केला. "हाय लेव्हल कशाला? आपलं काम साधं आहे की. साधी असेल ती आणा."

"हाय लेव्हल म्हणजेच साधी, साहेब."

"असं कसं?"

असंच आहे, पण हे समजावताना मला घाम फुटला. मशीनला फक्त शून्य आणि एक कळतं. त्याच्या जितकं जवळ जाऊन लिहाल तितकी ती लो लेव्हल, आणि माणसासाठी तितकी अवघड. माणसाच्या बोलण्याच्या जवळ आलात की हाय लेव्हल. म्हणजे वर गेलं की सोपं, खाली गेलं की अवघड. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की हिला कामावर घेताना आपण काही विसरलो का. शेवटी म्हणाले, "बरं. करा."

मी दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला. "हा प्रोग्रॅम नीट चालला ना मॅडम, की मास्तरांना घरी बसवू. त्यांची नजरही आता पहिल्यासारखी राहिली नसेल. तीन महिने बघू."

मी "बरं साहेब" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आणि जिना उतरायला लागले. नरसय्या मास्तर म्हणजे आमचे डिझाइन मास्तर. पस्तीस वर्षं त्याच टेबलावर, ग्राफ पेपर आणि पेन्सिल. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी. कापडावर बोट फिरवून पिक सांगणारा माणूस. त्यांना घरी बसवायचा प्रोग्रॅम मी लिहायचा, आणि तो वापरायचा कसा हेही मीच त्यांना शिकवायचं! मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती म्हणा. कारखान्यात अशी गोष्ट माणसाच्या आधी जिना उतरते.

प्रोग्रॅम झाला. मग डॉक्युमेंटेशन. म्हणजे प्रोग्रॅम कसा वापरायचा, कुठे काय बदलायचं, अडलं तर काय करायचं, याची लेखी माहिती. पायथनचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन भलंमोठं आणि इंग्रजीत. म्हटलं, आपल्या लोकांसाठी आपण मराठीत लिहू. चौदा पानं लिहिली, स्पायरल बाइंडिंग केलं, वर प्लास्टिकचं कव्हर. फार अभिमान वाटत होता मला त्याचा. पुढे जे झालं त्यानंतर ते पुस्तक हातात घेतलं तरी कान गरम व्हायचे.

सगळ्यांना बसवून मी पुस्तक समजावलं. मास्तर पहिल्या खुर्चीत, वही घेऊन. शेजारी सिद्धाराम, लूम चालवणारा, अक्कलकोटकडचा, माझ्याच वयाचा. मी फळ्यावर लिहिलं, लूप. म्हटलं, "लूप म्हणजे तेच तेच काम पुन्हा पुन्हा करणं."

सिद्धारामनं हात वर केला. "लूप केवढा ठेवायचा, मॅडम?"

मला वाटलं, काय हुशार प्रश्न आहे! "गरजेपुरता. शक्यतो लहान ठेवा."

"लहान? वजन कमी भरंल की."

"भरू दे की. हलकाच बरा."

त्यानं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी माझ्याकडे. मास्तर हळूच म्हणाले, "ते आपण नंतर बघू." आणि मी पुढच्या पानावर गेले.

आता तुम्हाला सांगते काय झालं होतं. टॉवेलवर जे लहान लहान धाग्यांचे वेढे असतात ना, ज्यांनी पाणी टिपलं जातं, त्यांना आमच्या धंद्यात लूप म्हणतात. लूप लहान केला की टॉवेलचं वजन घटतं आणि माल परत येतो. मी अख्ख्या वर्गाला सांगत होते की टॉवेल हलका विणा. मास्तरांनी नंतर सिद्धारामला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम नवीन हायत. लूपला हात लावायचा न्हाय." मला हे कळलं ते फार नंतर. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की सेशन लई भारी झालं.

तीन आठवडे प्रोग्रॅम झकास चालला. पुस्तक कुणी उघडत नव्हतं, सगळे मलाच हाका मारायचे. मी चिडायचे. "पान नऊ बघा! पान नऊवर लिहिलंय!" पान नऊवर लिहिलं होतं की स्क्रीनवर लाल अक्षरं आली तर घाबरू नका, सगळ्यात शेवटची ओळ वाचा, खरं कारण तिथेच असतं. पायथनमध्ये हे अगदी खरं आहे.

मग सॅम्पलचं काम आलं. परदेशातलं एक नवीन गिऱ्हाईक. सहा टॉवेल बघायला मागितले होते, पसंत पडले तर ऑर्डर. शुक्रवारी संध्याकाळी सहाला कुरियरची गाडी येणार होती. लांबी सत्तावन्न इंच. गुरुवारी रात्रपाळीला सांगून सूत चढवलं, सकाळी दोन टॉवेल विणून झाले, आणि त्यांचा मेल आला, लांबी अर्धा इंच वाढवा. साहेब शहरात मीटिंगला गेले होते, त्यांनी फोनवरून मास्तरांना सांगितलं. मी रजेवर. मास्तरांनी स्वतः, एका बोटानं, साडेसत्तावन्न टाइप केलं आणि एंटर दाबलं.

मी साडेबाराच्या सुमाराला कारखान्याच्या गेटवर पोचले तेव्हा पहिल्यांदा शंका आली. आमच्या शेडचा आवाज गेटपर्यंत येतो, तिथे वॉचमनसुद्धा ओरडून बोलतो. त्या दिवशी वॉचमन माझ्याशी हळू आवाजात बोलला. मला वाटलं, लाइट गेली. आत गेले तर लाइट होती, पंखे फिरत होते. फक्त आमच्या चारही लूम मुक्या उभ्या होत्या.

तपासणीच्या टेबलावर सकाळचे दोन्ही टॉवेल आणि लूमवरून कापून आणलेलं कापड पसरलं होतं. वर ट्यूबलाइट. मास्तर डोळ्याला पिक ग्लास लावून वाकलेले. पिक ग्लास म्हणजे धागे मोजायचं छोटं भिंग. समोर सिद्धाराम नखानं कापड चाचपत होता.

"काय झालं? लूम का बंद?"

मास्तर सरळ झाले. डोळे लालभडक. "तुमी थांबवा म्हणालात की."

"मी? मी कशाला लूम थांबवेन?"

"फ्लोट आला म्हणून."

"अहो, फ्लोट कॉम्प्युटरमध्ये आला! लूमचा काय संबंध?"

"कॉम्प्युटरला कापडातला फ्लोट दिसतोय, तेच म्हणतोय मी."

"कॉम्प्युटरला कापड दिसत नाही, मास्तर!"

"मग फ्लोट कुटं बघितला त्यानं?"

मला काही कळेना, त्यांना काही कळेना. सिद्धाराम मध्येच म्हणाला, "म्हणजे फ्लोट हाय का न्हाय? एकदा सांगा की कुणीतरी, नख झिजलं माझं."

तेव्हा माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडायला लागला. मी विचारलं, "मास्तर, फ्लोट म्हणजे काय?"

त्यांना तो प्रश्न अपमानासारखा लागला असणार. तरी त्यांनी दाखवलं. कापडात उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांच्या वरखाली जातात. एखादा धागा जिथे खाली जायला पाहिजे तिथे गेलाच नाही, चार धाग्यांवरून तसाच तरंगत पुढे गेला, की तो फ्लोट. नखात अडकतो, धुतल्यावर निघतो. परदेशी मालात एक सापडला तरी बात खलास. आणि एका लूमवर आला तर त्याच लॉटचं सूत जिथे जिथे चढवलंय त्या सगळ्या लूम बघायच्या, ही या लोकांची पद्धत. म्हणून चारही बंद.

आणि प्रोग्रॅममध्ये फ्लोट म्हणजे काय? दशांश चिन्ह असलेला आकडा. बास. इतकंच. सत्तावन्न हा पूर्ण आकडा, सत्तावन्न पॉइंट पाच हा फ्लोट. इंचाला चव्वेचाळीस पिक, म्हणजे साडेसत्तावन्न इंचाला झाले दोन हजार पाचशे तीस. पण अर्ध्यानं गुणलं म्हणून पायथननं ते ठेवले दोन हजार पाचशे तीस पॉइंट शून्य असे. तुमच्या-माझ्या दृष्टीनं तोच आकडा, पायथनच्या दृष्टीनं दोन वेगळ्या जाती. पिक मोजायला त्याला पूर्ण आकडाच लागतो. म्हणून तो म्हणाला, हा फ्लोट आहे, मी नाही मोजणार. असं होऊ शकतं हे मी धरायला हवं होतं. आकडा पूर्ण कर असं सांगणारा एक शब्द आणि त्याचे दोन कंस लिहायचे विसरले होते.

मी हे सगळं सांगितलं. मग मास्तरांनी टेबलावरचा ग्राफ पेपर माझ्यापुढे सरकवला. त्यावर पेन्सिलनं लिहिलं होतं, २५३०.

"हे कधी काढलंत?"

"फोन करायच्या आधी. म्हटलं कॉम्प्युटरशी ताडून बघू."

"मग लूम लावायची ना मास्तर! आकडा तर तुमच्याजवळ होता!"

"फ्लोट हाय म्हणल्यावर लूम कशी लावू?" त्यांनी पिक ग्लास खाली ठेवला. "चार तास बघतोय, मॅडम. एक धागा सोडला न्हाय. सापडंना. कॉम्प्युटर म्हणतोय हाय, तुमी म्हणता येणारच, आन् मला दिसत न्हाय. पस्तीस वर्षांत असं झालं न्हाय कधी. म्हटलं, साहेब म्हणतात ते खरं दिसतंय. नजर गेली." मग म्हणाले, "आईला घेऊन कुटल्या डॉक्टरकडं गेला होतात? पत्ता देता का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माणसाची नजर अगदी शाबूत होती. जे कापडात नव्हतंच ते त्यांना दिसलं नाही, इतकंच. आणि माझ्या चौदा पानांनी त्यांना आंधळं ठरवलं होतं. मी काही बोलायच्या आत मागून साहेबांचा आवाज आला.

"लूम का बंद आहेत?"

साहेबांनी पसरलेलं कापड बघितलं, घड्याळ बघितलं. "सहाला गाडी येणार. एक टॉवेल तयार नाही. कुणी थांबवल्या?"

"मी थांबवल्या, साहेब," मास्तर म्हणाले. "फ्लोट वाटला."

"सापडला?"

"न्हाय."

साहेब मोठ्यानं बोलत नाहीत. त्या दिवशीही बोलले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "मास्तर, वडिलांच्या वेळेपासून आहात. पण चार तास लूम बंद, आणि फ्लोट नाहीच? आता तुम्ही खरंच आराम करा. सोमवारपासून..."

मास्तरांनी मान खाली घातली. ते माझं नाव घेत नव्हते! सकाळी फोनवर मी स्वतः म्हणाले होते की थांबवा, सगळं थांबवा. त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. क्षणभर मलाही वाटलं, गप्प बसावं. तिसराच महिना होता माझा. खोटं कशाला बोलू, वाटलं तसं.

"साहेब, मी थांबवल्या," मी म्हटलं.

"तुम्ही? तुम्ही तर कुर्डुवाडीला होता."

"तिथून थांबवल्या."

साहेब गोंधळले. मग मी सगळं सांगितलं, सकाळच्या फोनपासून. मध्ये दोनदा साहेब म्हणाले, "थांबा, हा कुठला फ्लोट?" आणि दोनदा मला पहिल्यापासून सांगावं लागलं. शेवटी मी पुस्तक आणलं, पान नऊ उघडलं. "या कारखान्यात माझं पुस्तक वाचणारा एकच माणूस आहे, साहेब. त्यांनी यात लिहिलं तस्संच केलं. चुकीचं मी लिहिलं. आणि जो आकडा माझ्या प्रोग्रॅमनं दिला नाही तो त्यांनी फोन करायच्या आधीच पेन्सिलनं काढला होता. हा बघा."

साहेबांनी ग्राफ पेपर हातात घेऊन आकडा बघितला. मग मास्तरांना म्हणाले, "या आकड्यावर लूम लावाल?"

"आत्ता लावतो की."

"मग उभे काय राहिलात?"

सिद्धाराम पळालाच. दहा मिनिटांत सॅम्पलची लूम सुरू झाली. मी वर जाऊन प्रोग्रॅम दुरुस्त केला. एक शब्द, दोन कंस. प्रोग्रॅमनं तक्ता छापला, बरोब्बर दोन हजार पाचशे तीस. तो घेऊन खाली गेले तेव्हा तिसरा टॉवेल निघत होता. कुणी माझ्या तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

टॉवेल शिवून, धुऊन, वाळवून पॅक होईपर्यंत सव्वासहा झाले. कुरियरची गाडी गेली होती. साहेबांनी स्वतः गाडी काढली आणि खोकं शहरातल्या ऑफिसात नेऊन दिलं. सॅम्पल पसंत झालं. मेलमध्ये त्यांनी विणकामाचं खास कौतुक केलं होतं, एकही दोष नाही म्हणून. सिद्धाराम म्हणाला, "चार तास तपासलंय, असणार कुठून?"

सोमवारी मास्तर आले, नेहमीच्या वेळेला. कुणी त्यांना अडवलं नाही. साहेबांनी मला बोलावलं. "ते पुस्तक दुरुस्त करा."

"एकटीला जमणार नाही, साहेब. मला विणकाम येत नाही."

"मग?"

"मास्तर पाहिजेत. आणि वेळ लागेल."

"किती?"

"ते मास्तरांना विचारून सांगते."

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "हाय लेव्हल म्हणजे सोपी म्हणाला होतात," एवढंच म्हणाले.

त्याला आता वर्ष होत आलं. पुस्तक अजून चालू आहे. मास्तरांचं टेबल माझ्या टेबलाला लागून आलंय. मी एक ओळ लिहिते, ते वाचतात आणि विचारतात, "हे लूमवाला वाचेल तेव्हा काय करेल?" बहुतेक वेळा मी ती ओळ खोडते. थ्रेड, स्ट्रिंग, एंड, हे शब्दही कापडात एका अर्थाचे आणि कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्याच, त्यामुळे सगळ्यांचीच पंचाईत. शिकवायच्या धंद्यात इतकी वर्षं घालवून मी एवढंच शिकले, की वाचणाऱ्याला एखादा शब्द आधीपासून येत असेल तर तोच सगळ्यात आधी समजावून सांगावा लागतो.

फ्लोटची नोंद मात्र मास्तरांनी स्वतः सांगितली, मी फक्त लिहून घेतली. ती पान एकवर आहे, ठळक अक्षरात. "फ्लोट दोन प्रकारचा. कापडात दिसला तर लूम थांबवा. स्क्रीनवर दिसला तर लूम चालू ठेवा आणि मॅडमना थांबवा."